तण मारणारें विष आणि रक्ताचा रंग

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत हिरव्या पानाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न विचारला. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. वर्गांत फारसा बोलणारा नव्हे. तो म्हणाला, “सर, कांहीं तणनाशकें पानाची अन्न तयार करण्याची क्रिया बंद पाडतात आणि तण उपाशी मरतें, असें आपण सांगितलें. मनुष्यास तर हिरवें पान नाहीं. मग बाबा त्या बाटलीस आम्हांस हात कां लावूं देत नाहींत?” वर्गांत हंशा पिकला. आम्ही मात्र हंसलों नाहीं. प्रश्न खरा होता, आणि त्याचें पुरें उत्तर त्या तासास आम्हांस देतां आलें नाहीं. पुढील चार पानें म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय. आणि तें मुलांइतकेंच त्यांच्या आईबापांनींही वाचावें अशी आमची इच्छा आहे.

सर्व तणनाशकें एकाच वाटेनें मनुष्यास पीडा देत नाहींत. पॅराक्वाट नांवाचें तणनाशक मुख्यतः फुप्फुसें नासवितें. त्याची कथा स्वतंत्र लेखास पुरेल इतकी दुःखद आहे, ती येथें बाजूस ठेवूं. आम्हांस सांगावयाचें आहे तें रक्तांतील तांबड्या पेशींवर घाला घालणाऱ्या तणनाशकांविषयीं, आणि त्यांतही विशेषेंकरून दोहोंविषयीं: एक भातशेतींत वापरलें जाणारें प्रोपानिल, आणि दुसरें एके काळीं बागांतून व रेल्वेच्या रुळांवरून सर्रास टाकलें जाणारें सोडियम क्लोरेट.

प्रथम या तांबड्या पेशीची ओळख करून घेऊं. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत, म्हणजे टांचणीच्या माथ्याएवढ्या थेंबांत, अशा सुमारें ५० लक्ष पेशी असतात. प्रत्येक पेशी मध्यें चेपलेल्या चकतीसारखी. एका मिलिमीटराचे हजार भाग केले तर त्यांतील ७ ते ८ भाग एवढीच तिची रुंदी. तिच्या पोटांत हीमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याचे सुमारें २७ कोटि रेणु खच्चून भरलेले असतात, आणि प्रत्येक रेणूंत लोहाचे ४ अणु असतात. आपण श्वास घेतों तेव्हां प्राणवायु फुप्फुसांत या लोहावर चढतो, आणि हातपाय, मेंदू, काळीज जेथें त्याची गरज असेल तेथें उतरतो.

येथें एक आश्चर्य आहे, आणि त्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचें लक्ष मुद्दाम वेधतों. घरांतील विळा पावसाळ्यांत दाराबाहेर राहिला तर आठ दिवसांत त्यावर गंज चढतो, कारण लोह, पाणी व प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं. रक्तांतील लोह तर रात्रंदिवस याच सोबतींत असतें. मग तें कां गंजत नाहीं? त्याचें कारण हीमोग्लोबिनाच्या रचनेंत आहे. त्याच्या घडींमध्यें लोहाचा अणु अशा खुबीनें बसविलेला असतो कीं प्राणवायु त्यावर टेकतो, परंतु त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेऊन जात नाहीं. इलेक्ट्रॉन जाणें यासच रसायनशास्त्रांत ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि विळ्याचा गंज हा त्याचाच एक प्रकार आहे. हमालानें ओझें डोक्यावर घ्यावें व ठिकाणीं पोंचल्यावर उतरवावें, तसा हा व्यवहार. ओझ्यानें हमालाचें पागोटें घेऊन पळून जाऊं नये एवढीच अट.

पण कधीं कधीं ओझें पागोटें घेऊन पळतें. अगदीं निरोगी मनुष्याच्या शरीरांतही दररोज शेंकडा तीन भागांपर्यंत हीमोग्लोबिन अशा रीतीनें आपला इलेक्ट्रॉन गमावतें. त्यांतील लोह मग फेरस न राहतां फेरिक होतें, आणि अशा बिघडलेल्या हीमोग्लोबिनास मेथेमोग्लोबिन म्हणतात. त्यावर प्राणवायु चढत नाहीं. त्याचा रंगही तांबडा राहत नाहीं, तपकिरी होतो. तथापि निरोगी रक्तांत मेथेमोग्लोबिन शेंकडा एका भागाच्या आसपासच सांपडतें. कारण पेशीच्या आंत दुरुस्तीचें काम अखंड चाललेलें असतें. एक विकर साखरेच्या ज्वलनांतून मिळालेले इलेक्ट्रॉन फेरिक लोहास परत देत असतें. दुसरीकडे ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य, पेशींत उत्पन्न होणारें हायड्रोजन पेरॉक्साइड व तत्सम दाहक पदार्थ निकामी करीत असतें, आणि तें खर्च झालें कीं साखरेच्याच दुसऱ्या एका वाटेनें पुन्हां ताजें होतें. ही दुसरी वाट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां या पेशीचें दारिद्र्य पाहा. ती अस्थींच्या मगजांत जन्मते, आणि रक्तांत उतरण्यापूर्वींच आपलें केंद्रक टाकून देते. हीमोग्लोबिनास अधिक जागा व्हावी म्हणून जणूं तिनें घरांतील सर्व सामान बाहेर काढलेलें असतें. त्यामुळें एकदां नासलेलें विकर तिला नवें बनवितां येत नाहीं. बरोबर घेतलेल्या शिदोरीवर सुमारें १२० दिवस ती प्रवास करते, आणि शेवटीं प्लीहेंत व यकृतांत तिचा अंत होतो. शरीराच्या दुसऱ्या पेशी इजा झाली तर कारागीर बोलावितात. हिच्याकडे जें कांहीं आहे तें निघतांना बांधून दिलेलेंच. ऑक्सिडीकरणाचा मारा या पेशीस इतका जड कां जातो, त्याचें मर्म यांत आहे.

आतां प्रोपानिलकडे वळूं. हें तणनाशक १९६० च्या सुमारास भातशेतींत आलें, आणि त्याचा गुण पाहून शेतकरी चकित झाले. भाताच्या खांचरांत सांव्याच्या कुळांतील एक तण माजतें. लहानपणीं तें भाताच्या रोपासारखें इतकें दिसतें कीं खुरपणाऱ्या बाईची नजरही फसावी. प्रोपानिल दोहोंवर पडतें, पण तण मरतें आणि भात वांचतो. कसा? भाताच्या पानांत एक विकर असें आहे कीं तें प्रोपानिलचा रेणु मधोमध तोडून टाकतें. त्या तणांत हें विकर फारच थोडें. तोडलेल्या रेणूचा मोठा तुकडा म्हणजे डायक्लोरोअॅनिलिन. भाताच्या दृष्टीनें विषाचे दांत पडले. तणाचे दांत शाबूतच, म्हणून तें उपाशी मेलें.

मनुष्याच्या यकृतांतही असेंच तोडणारें एक विकर आहे. येथेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. ज्या तोडण्यानें भाताचा जीव वांचतो, त्याच तोडण्यानें मनुष्याच्या शरीरांत विष तयार होतें. मूळ प्रोपानिल पानाचा शत्रु. तें आमचें फारसें बिघडवीत नाहीं. परंतु तुटल्यावर निघालेल्या डायक्लोरोअॅनिलिनावर यकृतांत आणखी एक संस्कार होतो, त्यास प्राणवायूचा एक अणु चिकटतो, आणि हा नवा पदार्थ रक्तांतून तांबड्या पेशींत शिरतो. आंत गेल्यावर तो हीमोग्लोबिनावर बसलेल्या प्राणवायूशीं हातमिळवणी करतो. दोघे मिळून लोहाचा इलेक्ट्रॉन काढून घेतात, आणि मेथेमोग्लोबिन तयार होतें. एवढ्यावर थांबलें असतें तरी निभावलें असतें. पण पेशींतील शिदोरीच त्या पदार्थास पुन्हां पूर्वरूप देते, आणि तो दुसऱ्या लोहाकडे वळतो. रहाटास जसे पोहरे, तसें हें चक्र फिरत राहतें. विषाचा एकच रेणु अशा रीतीनें अनेक हीमोग्लोबिन बिघडवितो, आणि प्रत्येक फेऱ्यास लागणारा खर्च पेशीच्याच गांठोड्यांतून जातो. चोरानें घरधन्याच्याच पैशानें शिडी विकत घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

या विषाचा सर्वांत कसोशीचा अभ्यास श्रीलंकेंत झाला. अनुराधपूर व पोलोन्नरुवा या भागांत प्राचीन तलावांच्या पाण्यावर भात पिकतो, आणि तेथील रुग्णालयांत शेतींतील औषधांची विषबाधा नित्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या काळच्या वर्गीकरणांत प्रोपानिल ‘किंचित् धोक्याचें’ या वर्गांत होतें, कारण तें वर्गीकरण मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवरून केलेलें असे. परंतु २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, हें द्रव्य पिऊन तेथील रुग्णालयांत आलेल्या रोग्यांपैकीं सुमारें दहांतील एक दगावल्याचें दिसून आलें. मनुष्य म्हणजे मोठा उंदीर नव्हे, हें त्या आंकड्यानें शिकविलें. त्या रोग्यांपैकीं बहुतेकांनीं तें दुःखाच्या किंवा रागाच्या भरांत स्वतःच घेतलेलें होतें. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. परंतु ज्या घरांत कोणी खिन्न असेल त्या घरांत असली बाटली कुलुपाबाहेर नसावी, एवढें पालकांस सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें.

अशा रोग्याचें रूप कसें दिसतें? ओठ व नखें निळसर, राखेसारखीं होतात. मेथेमोग्लोबिन शेंकडा १० ते १५ झालें कीं हा रंग दिसूं लागतो. ५० च्या वर गेलें कीं ग्लानि, झटके, हृदयाची अनियमित गति. आणि ७० च्या वर गेलेला मनुष्य क्वचितच वांचतो. यांत आणखी एक गोम आहे. ज्या रेणूच्या चार लोहांपैकीं एकदोन बिघडले, त्याचे उरलेले चांगले लोह प्राणवायूस इतका घट्ट धरतात कीं तो ठिकाणीं उतरतच नाहीं. म्हणजे बिघडलेले हमाल तर गेलेच, आणि चांगल्यांनीही ओझें खालीं ठेवण्यास नकार दिला. नाकास प्राणवायूची नळी लावली तरी निळेपणा हटत नाहीं, तो यामुळें. २०२० च्या कोरोनाच्या सांथींत घरोघरीं ओळखीचें झालेलें बोटास लावावयाचें यंत्रही येथें फसतें. मेथेमोग्लोबिन फार वाढलें कीं त्याचा आंकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो आणि खरी स्थिति सांगत नाहीं. त्यापेक्षां जुनी रीत बरी. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर टाकून हवेंत ठेवावा. साधें काळसर रक्त हवा लागतांच तांबडें होतें. मेथेमोग्लोबिनाचें रक्त मात्र चॉकलेटासारखें तपकिरी तें तपकिरीच राहतें.

पहिला घाला ओसरला तरी पेशीची विपत्ति संपत नाहीं. ग्लुटाथायोन संपल्यावर ऑक्सिडीकरणाचा मारा हीमोग्लोबिनाच्या प्रथिनावरच होतो. तें विरजलेल्या दुधासारखें थिजतें व त्याच्या गांठी पेशीच्या पटलास आंतून चिकटतात. या गांठी रॉबर्ट हाइंट्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८९० सालीं प्रथम वर्णिल्या, म्हणून त्यांस त्याचेंच नांव आहे. प्लीहेच्या अरुंद वाटांतून जातांना अशी पेशी अडते. प्लीहा ती गांठ खुडून काढते, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां कोणी बिस्किटाचा लचका तोडावा तशी ती पेशी दिसते. पुष्कळशा पेशी तर फुटूनच जातात. मग लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात, रक्त उतरतें. हें सर्व पहिल्या दिवशींच होईल असें नाहीं. एकदोन दिवसांनीं, रोगी बरा दिसूं लागल्यावरही होतें. यास्तव “आतां बरें वाटतें, घरीं जाऊं” असा हट्ट रोग्याच्या नातलगांनीं धरूं नये.

सोडियम क्लोरेटची जात वेगळी. त्यास यकृताच्या संस्काराची गरज नाहीं. तो स्वतःच प्राणवायूचें कोठार आहे. त्याचा स्वभाव ध्यानांत येण्यासाठीं न्यूझीलंडांतील एक खरी हकीकत सांगतों. तेथें १९३० नंतरच्या काळांत गुरांस विषारी असें एक पिवळ्या फुलांचें तण कुरणांत पसरलें. त्यावर उपाय म्हणून शेतकरी सोडियम क्लोरेटचें पाणी फवारूं लागले. तें कपड्यांवर उडे, आणि कपडे वाळले कीं क्षाराचे कण सुतांत राहत. १९३१ सालीं एका शेतकऱ्यानें आपली विजार वाळण्यासाठीं शेगडीपुढें टांगली, आणि ती धडाड् आवाज करून पेटली. त्या वर्षांत व पुढें अशा विजारी जळाल्याच्या बातम्या तेथें पुष्कळ आल्या. मुलांस ही गोष्ट सांगितली कीं तीं पोट धरून हंसतात, आणि आम्हीही हंसतों. मात्र हंसून झाल्यावर सांगतों कीं जो पदार्थ कापसास प्राणवायु देऊन असा पेटवितो, तोच पोटांत गेल्यावर रक्तपेशींत शिरतो. तेथें ज्वाळा दिसत नाहीं, पण कृत्य तेंच. लोह फेरिक होतें, प्रथिनें थिजतात, पटल कडक होऊन फुटतें, आणि फुटलेल्या पेशींच्या व क्लोरेटच्या भारानें मूत्रपिंडें बंद पडतात. एकोणिसाव्या शतकांत त्याचाच भाऊबंद, पोटॅशियम क्लोरेट, घसादुखीवर औषध म्हणून देत असत. १८७९ च्या सुमारास जर्मन वैद्यांनीं त्या औषधानें रक्त तपकिरी होऊन रोगी मेल्याचें दाखवून दिलें. युरोपीय संघानें २००८ सालीं सोडियम क्लोरेटची तणनाशक म्हणून मान्यता काढून घेतली.

आतां उपायाकडे येऊं. विद्यार्थ्यांनीं तो आमच्या प्रयोगशाळेंत आपल्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे, फक्त तो उपाय आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. गालाच्या आंतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यासाठीं आपण जो निळा थेंब टाकतों, तो मेथिलीन ब्ल्यू. हा रंग १८७६ सालीं जर्मनींत प्रथम तयार झाला. याच रंगाचा एक सुंदर प्रयोग दहावीच्या मुलांस आम्हीं दाखविला होता. चंबूंत साखरेचें, म्हणजे ग्लुकोजचें, क्षारयुक्त पाणी घेऊन त्यांत हा रंग टाकला. चंबू स्वस्थ ठेवला तेव्हां निळा रंग मावळून पाणी नितळ झालें. हालविला तेव्हां पुन्हां निळें झालें. साखरेकडून इलेक्ट्रॉन घेतला कीं रंग जातो, हवेंतील प्राणवायूस तो दिला कीं रंग परत येतो. हा रंग म्हणजे एक प्रामाणिक टपालवाला आहे.

मेथेमोग्लोबिन झालेल्या रोग्यास वैद्य हाच टपालवाला शिरेंतून देतात. प्रमाण वजनाच्या दर किलोग्रॅमास १ ते २ मिलिग्रॅम. तो पेशींत शिरतो, मघां सांगितलेल्या साखरेच्या दुसऱ्या वाटेवरून इलेक्ट्रॉन उचलतो, आणि फेरिक लोहास नेऊन पोंचवितो. तपकिरी रक्त पाहतां पाहतां तांबडें होतें. प्रोपानिलच्या रोग्यास मात्र हें औषध पुन्हां पुन्हां द्यावें लागतें, कारण डायक्लोरोअॅनिलिन शरीरांत बराच वेळ रेंगाळतें. प्रयोगशाळेंतील रंग हें औषध नव्हे, हेंही सांगून ठेवतों. आणि औषधही अधिक झालें तर उलट मेथेमोग्लोबिन वाढवितें.

येथें एक अडचण आहे, आणि तिचा आमच्या वाचकांशीं जवळचा संबंध आहे. ती दुसरी वाट ज्या विकरानें उघडते त्याचें नांव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. वैद्य त्यास जी-सिक्स-पी-डी म्हणतात. कांहीं मुलें हें विकर कमी घेऊनच जन्मास येतात. दोष आईकडून येतो व मुलग्यांत अधिक दिसतो. ज्या प्रदेशांत हिंवताप पूर्वापार आहे तेथें तो विशेष आढळतो. आपल्या इकडे मुंबईच्या पारशी समाजांत तो बराच असल्याचें वैद्यांस ठाऊक आहे. आणि भारतांत आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराचें नांवच ‘केरळ-कल्याण’ असें आहे. अशीं मुलें एरवीं धडधाकट असतात, खेळतात, पहिला नंबरही मिळवितात. परंतु त्यांचें गांठोडें जन्मतःच हलकें. प्रायमाक्विन हें हिंवतापाचें औषध किंवा कपड्यांत ठेवण्याच्या नॅफ्थलीनच्या गोळ्या यांनींही त्यांचें रक्त फुटतें. अशा मुलास विषबाधा झाली तर पेशी लवकर फुटतात, आणि टपालवाला आला तरी त्यास देण्यास टपालच नसतें. उलट तोच अपाय करतो. म्हणून ज्या पालकांस आपल्या मुलांत किंवा भावांत हा दोष असल्याचें ठाऊक असेल, त्यांनीं तें शाळेच्या दप्तरीं नोंदवावें आणि कोणत्याही वैद्यास प्रथम तेंच सांगावें. रक्ताची तपासणी साधी आहे. सोडियम क्लोरेट तर निरोगी मनुष्याचेंही हें विकर नासवून टाकतें. मग मेथिलीन ब्ल्यू जवळजवळ निरुपयोगी, आणि रक्त बदलणें व यंत्रानें रक्त शुद्ध करणें एवढेच मार्ग उरतात.

यावरून दिसेल कीं कोणतें तणनाशक पोटांत गेलें तें वैद्यास कळणें किती महत्त्वाचें आहे. रोग्यास नेतांना बाटली किंवा तिची चिठ्ठी बरोबर न्यावी. मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडूं नये. अंगावर उडालें असेल तर कपडे काढून पुष्कळ पाण्यानें धुवावें. चिठ्ठीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हा क्रमही बहुतांशीं उंदरांवरूनच ठरलेला आहे, आणि श्रीलंकेंत काय झालें तें वर सांगितलेंच आहे.

तो पाठ पुरा झाल्यावर आम्हीं वर्गास एक काम दिलें. घरांत तणनाशक असेल तर वडीलधाऱ्यांच्या समक्ष, बाटलीस स्वतः हात न लावतां, चिठ्ठीवरील तीन गोष्टी वहींत उतरवून आणाव्या: द्रव्याचें रासायनिक नांव, त्रिकोणाचा रंग, आणि प्रतिविषाची ओळ. ज्या मुलानें प्रश्न विचारला होता त्याच्या वहींत तिन्ही जागा कोऱ्या होत्या. आम्हीं कारण विचारलें. बाटली सरबताची होती. दुकानांतून सुटें आणलेलें औषध तींत ओतून ठेवलें होतें, आणि ती रॉकेलच्या डब्याशेजारीं फळीवर असे.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील मधल्या सुटींत शाळेंत आले. दुकानदाराकडून मूळ डब्यावरील मजकूर त्यांनीं स्वतः एका कागदावर उतरवून आणला होता. अक्षर जाड, पण प्रत्येक अक्षर वाचतां येत होतें. तो कागद आम्हीं मुलाच्या वहींत कोऱ्या जागेवर चिकटविला.